मेंढीची बाळंतखोली

(धानोरा येथे चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतकऱ्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापूस आणि जवारीच्या बैठकीत हा माणूस मेंढ्यांचे काय घेऊन उभा राहिला, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आलेच असेल. प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर आधी देतो, मग कामाचे बोलतो.

कोरडवाहू वावरात पैसा वर्षातून एकदा येतो. कापूस घरात आला की देणेकरी दारात येतो. पाऊस दगा देतो, बोंडअळी दगा देते, आणि या दोघांतून वाचलो तर बाजार दगा देतो. १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात चतुरंग शेतीचा विचार मांडला गेला. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती असे त्याचे चार भाग होते. त्यामागचे म्हणणे साधे होते. शेतकऱ्याने एकाच पिकाच्या आणि एकाच खरेदीदाराच्या दावणीला बांधून राहू नये. घरामागे असलेल्या १५-२० मेंढ्या किंवा शेळ्या हा त्याच विचाराचा भाग आहे. अडचणीच्या दिवशी एक जनावर विकता येते, आणि त्यासाठी सावकाराच्या पायरीवर बसावे लागत नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांत मेंढी नवी नाही. इथला कुरमार समाज पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखतो, लोकर कातरतो, घोंगड्या विणतो. कापूस निघाल्यावर वावरात मेंढ्या बसवून खत घेण्याची रीतही आपल्याला ठाऊक आहे. ज्यांच्याकडे शेकडो मेंढ्यांचा कळप आहे आणि जे रानोमाळ फिरतात, त्यांना मी शिकवायला उभा राहिलेलो नाही. त्यांच्याकडून आपणच शिकायचे. मी बोलतो आहे ते ज्याच्या घरामागे वीस मेंढ्या आहेत, जो दिवसा कापसात असतो आणि रात्री थकून झोपतो, त्या शेतकऱ्याशी. धानोऱ्याकडच्या मंडळींकडे मेंढ्यांपेक्षा शेळ्या जास्त आहेत. त्यांनी मेंढी म्हटले तिथे शेळी समजावे. पुढचे जवळजवळ सगळे शेळीलाही लागू आहे.

मेलेल्या कोकराचा हिशेब

आपण उत्पादनखर्चाची मागणी करणारी माणसे आहोत. तेव्हा सुरुवात हिशेबानेच करू.

वीस मेंढ्या आणि एक नर असा कळप धरा. सरकारची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ साली भटक्या जमाती (क) प्रवर्गासाठी सुरू झाली, तीही वीस मेंढ्या आणि एक नर अशाच गटावर बेतलेली. म्हणून हाच आकडा घेतो. वर्षाला १८ कोकरे जन्मली असे समजा. ढेप, चारा, औषध, राखणदारी आणि घरच्या माणसांची मजुरी मिळून वर्षाचा खर्च ५४,००० रुपये झाला असे धरा. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील तर ते घाला, पण घरच्या बाईची मजुरी त्यात नक्की घाला.

अठराही कोकरे जगली तर एका कोकराचा खर्च ३,००० रुपये पडला. पाच मेली आणि तेरा उरली, तर तोच खर्च ४,१५४ रुपये झाला. दोनच मेली आणि सोळा उरली, तर ३,३७५ रुपये. बाजारात व्यापारी तुम्हाला मेलेल्या कोकरांबद्दल विचारत नाही. तो जिवंत कोकराचा भाव करतो. मेलेल्या कोकराचा खर्च जिवंत कोकराच्या डोक्यावर चढून बाजारात जातो आणि तुमच्या खिशातून जातो. पाच महिन्यांचे कोकरू ५,००० रुपयांना गेले असे धरले, तर तीन कोकरे वाचवणे म्हणजे १५,००० रुपये.

आता हे पाहा. मेंढी गाभण राहिल्यापासून व्याईपर्यंत सुमारे १४७ ते १५० दिवस, म्हणजे पाच महिने लागतात. पाच महिने आपण तिला खाऊ घातले, राखले, पाणी पाजले. आणि कोकरू पहिल्या तीन दिवसांत मेले. पाच महिन्यांची कमाई तीन दिवसांत गेली. आपण म्हणतो, देवाची मर्जी. कापसाला भाव मिळाला नाही तेव्हा आपण देवाची मर्जी म्हटले नाही, आंदोलन केले. मग इथे का म्हणायचे?

कोकरू का मरते

दख्खनी मेंढीचे कोकरू अडीच-तीन किलोचे जन्मते. ते ओलेचिंब असते. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री गारठा पडतो, वारा सुटतो. त्या ओल्या अंगातली ऊब झपाट्याने उतरते. अंगात चरबीचा साठा थोडाच असतो, तो काही तासांत संपतो. त्याला वेळेत चीक मिळाला तर शेगडीत नवे कोळसे पडतात. नाही मिळाला तर ते गारठते, गारठले की चोखत नाही, आणि चोखत नाही म्हणून आणखी गारठते. सकाळी आपल्याला दिसते ते मेलेले कोकरू. आपण म्हणतो, थंडीने गेले. खरे म्हणजे ते थंडी आणि भूक दोन्हींनी गेले.

चिकाचे दुसरे काम त्याहून मोठे आहे. माणसाच्या लेकराला आईच्या पोटात असतानाच रोगाशी लढण्याची काही शक्ती मिळते. मेंढीच्या कोकराला ती पोटात मिळत नाही. ती फक्त चिकातून मिळते. आणि कोकराचे आतडे ती शक्ती पहिल्या दिवसापुरतीच शोषून घेते, त्यातही पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त. दुसऱ्या दिवशी कितीही दूध पाजा, हुकलेली वेळ परत येत नाही. पहिला चीक काढून फेकण्याची रीत कुठे असेल तर ती आज बंद करा.

तिसरे कारण गर्दीचे. मेंढी आपले कोकरू ओळखते ते वासाने, पहिल्या काही तासांत त्याला चाटून. दाटीवाटीच्या कोठ्यात रात्री दोन मेंढ्या व्याल्या की गोंधळ होतो. न व्यालेली मेंढी दुसरीच्या कोकराला चाटत बसते, खरी आई बाजूला ढकलली जाते. जुळे असेल तर एक मागे राहते. सकाळी आई त्याला डोके मारून हाकलते. म्हणजे कोकरू धड असते, आईला दूध असते, पण दोघांची गाठ पडत नाही.

थंडी, भूक आणि गर्दी या तिन्हींवर एकच सोपा उपाय आहे. व्यालेल्या मेंढीला तिच्या कोकरासह दोन-तीन दिवस वेगळे, कोरडे आणि वाऱ्यापासून आडोशाला ठेवा. आपल्या घरात बाळंतिणीला वेगळी खोली देतो, तिला वारा लागू देत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे शिरू देत नाही. मेंढीलाही तेवढेच हवे. इंग्लंडसारख्या थंड मुलुखातले मेंढपाळ छपराखाली लाकडी ताट्यांचे छोटे कप्पे करून आई आणि कोकराला एक-दोन दिवस वेगळे ठेवतात. त्यांच्याकडे मोठी शेडे आहेत, आपल्याकडे बांबू आहे. विचार तोच आहे.

आधी वेळ बांधून घ्या

कप्पे करण्याआधी एक गोष्ट ठरवा. मेंढ्या केव्हा व्यायच्या?

नर बारा महिने कळपात मोकळा राहिला तर मेंढ्या बारा महिने व्यातात आणि तुम्ही बारा महिने रात्री जागता. नर वेगळा बांधा, नाहीतर जुन्या मेंढपाळांसारखे त्याच्या पोटाखाली पोत्याचे फडके बांधा. तो १ जुलैला सोडला आणि १० ऑगस्टला पुन्हा वेगळा केला, तर मेंढ्या २५ नोव्हेंबरच्या सुमारास व्यायला लागतील आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आटोपतील. मेंढी साधारण दर १७ दिवसांनी माजावर येते, म्हणून ४० दिवसांत तिला दोन संधी नक्की मिळतात. जी राहिली नाही तिच्यावर खूण करा. दोन वर्षे रिकामी राहिली तर विका.

काही जण म्हणतील, नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस, घरात माणूस नसतो. खरे आहे. पण याच दिवसांत रानात आणि धुऱ्यावर चारा असतो, सोयाबीनचे कुटार घरात असते, मेंढीच्या कासेत दूध राहते. उन्हाळ्यात व्यालेल्या मेंढीला दूध कुठून येणार? आणि घरात माणूस नसतो म्हणूनच कप्पे हवेत. ताटीच्या आत असलेल्या मेंढीवर दिवसभर पहारा लागत नाही.

पोटातल्या कोकराची सर्वांत जास्त वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. तेव्हा ऑक्टोबरच्या मध्यापासून गाभण मेंढीला रोज २०० ते २५० ग्रॅम ढेप किंवा जवारीचा भरडा द्या. व्याण्याआधी तीन-चार आठवडे आंत्रविषाराची लस टोचून घ्या, म्हणजे तिची शक्ती चिकातून कोकराला मिळते. कळपाला दरवर्षी पावसाळ्याआधी टोचायची ती लस वेगळी, ती चुकवू नका.

कप्पा कसा करायचा

सिमेंटचे शेड बांधायची गरज नाही. आपला जुना कोठा किंवा पडवी चालते. नवे छप्पर करणार असाल तर वीस मेंढ्यांना १२ फूट बाय २५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट पुरते. मोठ्या मेंढीला १० चौरस फूट धरा, तिथे २०० गेले. तीन कप्पे ६० चौरस फुटांचे. उरलेल्या ४० चौरस फुटांत थोडी मोठी झालेली कोकरे.

छपराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. हिवाळ्याचा वारा उत्तर आणि ईशान्येकडून येतो. त्या बाजू चार फुटांपर्यंत कुडाने बंद करा आणि शेणमातीने लिंपा. वर मोकळे ठेवा. दक्षिणेकडून ऊन आत आले पाहिजे. वारा खालून लागू नये, पण वरून हवा खेळली पाहिजे. हे तपासायची एक युक्ती आहे. कोकराच्या उंचीला खाली बसा आणि दोन मिनिटे श्वास घ्या. मुताच्या वासाने डोळे चुरचुरले तर हवा कोंडली आहे. त्या हवेत कोकराची छाती भरते.

जमीन आजूबाजूपेक्षा फूटभर उंच करा, मुरूम टाकून चोपा आणि थोडा उतार द्या. फरशी घालू नका. ती गार पडते आणि ओल धरते.

कप्पा चार फूट रुंद आणि पाच फूट खोल असावा. त्यात मेंढी वळू शकते, बसू शकते, पण कोकरू तिच्यापासून दूर भरकटत नाही. वीस मेंढ्यांना तीन कप्पे पुरतात, कारण एकावेळी सगळ्या व्यात नाहीत. कोठ्याच्या कोपऱ्यात ओळीने तीन कप्पे केले तर मागची भिंत आणि एका बाजूची भिंत तयारच असते. मग पाच फुटांच्या तीन आणि चार फुटांच्या तीन, अशा सहा ताट्या लागतात. ताटीची उंची तीन फूट. बांबू उभा चिरून त्याच्या सहा आडव्या चिपा आणि तीन उभ्या चिपा घ्या. अशी एक ताटी २० फुटांच्या एका बांबूत होते. सहा ताट्यांना सहा बांबू. मोडतोड धरून आठ घ्या. खालच्या चिपांमधली फट तीन इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर कोकराची मान अडकते. चिपांच्या कडा विळ्याने घासून घ्या. ताट्या खिळ्यांनी ठोकू नका, तारेने किंवा सुतळीने बांधा. म्हणजे जानेवारी संपल्यावर सोडून आढ्याला टांगता येतात आणि कोठा मोकळा होतो.

अंथरूण म्हणून धानाचे तणस सर्वांत चांगले. इथे धानोऱ्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धानाची मळणी होते, नेमके तेव्हाच आपल्याला तणस लागते. वरोरा-राजुऱ्याकडच्या शेतकऱ्याने त्याच्या बदल्यात कुटार द्यावे. दोघांचेही भागेल. रोज थोडे कोरडे तणस वर टाका. एक मेंढी बाहेर गेली की खालचे ओले काढा, चुन्याची भुकटी टाका आणि मगच दुसरी आत घ्या. ओल्या कप्प्यापेक्षा कप्पा नसलेला बरा, हे ध्यानात ठेवा. निघालेले तणस आणि लेंड्या उकिरड्यात जातील, पुढच्या जूनमध्ये वावरात पसरतील. तेही हिशेबात धरा.

कुडाला पऱ्हाटीऐवजी तुराटी किंवा बांबूच वापरा. घराशेजारी रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी दडून राहते. २०१७ साली या अळीने विदर्भात काय केले ते आपण पाहिले आहे.

प्रत्येक कप्प्यात पाण्याचे भांडे हवे, पण ते जमिनीवर नको. ताटीला फूट-दीड फूट उंच बांधा, म्हणजे कोकरू त्यात पडणार नाही. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात पाणी किंवा दूध ठेवू नका.

ती रात्र

मेंढी कळपापासून बाजूला होते, पायाने जमीन उकरते, उठते-बसते, कास ताठ होते. तिला व्याण्याआधीच कप्प्यात कोंडू नका. मोकळ्या जागेत व्याऊ द्या आणि मग कोकरू पुढे धरून तिला हळूहळू कप्प्यात न्या. ती वासामागे येते.

आधी पाण्याची पिशवी दिसते. मग पुढचे दोन पाय आणि त्यावर टेकलेले नाक, ही सरळ वीण. तिला हात लावू नका. जोराने कळा देऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि काहीच पुढे सरकले नाही, किंवा नुसते डोके अथवा एकच पाय दिसला, तर जाणत्याला किंवा डॉक्टरला बोलवा. ओढाओढी करू नका.

कोकरू पडले की पाच कामे करा. पहिले, नाकातोंडातला बुळबुळीत पदार्थ पुसा. दुसरे, त्याला आईच्या तोंडापुढे ठेवा. तिने चाटले पाहिजे, आपण फडक्याने पुसून टाकले तर वासाची ओळख मोडते. तिसरे, नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. चौथे, दोन्ही सडांची एक-एक धार काढून पाहा. सडाच्या तोंडाशी मेणासारखे बूच असते, ते निघाले पाहिजे. पाचवे, तासाभरात कोकराने चोखले की नाही ते पाहा. पोट हाताला भरलेले लागले पाहिजे. अडीच किलोच्या कोकराला पहिल्या २४ तासांत किमान पाव लिटर चीक हवा. आईला नसेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा द्या.

कोकरू मलूल दिसले तर त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड गार लागले तर ते गारठले आहे. कोरड्या पोत्यात गुंडाळा, शेजारी गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून ठेवा. मान धरता येत नाही अशा कोकराच्या तोंडात दूध ओतू नका, ते फुफ्फुसात जाते. ऊब आली, मान धरली की मग पाजा. शेकोटी कप्प्याजवळ नको. तणस आहे, एका ठिणगीत सगळा हिशेब संपेल.

जार काही तासांत आपोआप पडते. ओढू नका. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर बोलवा. पडलेली जार खोल पुरा, नाहीतर तिच्या वासाने कुत्री येतात.

एकच कोकरू असेल तर आई आणि कोकरू एक-दोन दिवस, जुळे असेल तर तीन दिवस कप्प्यात ठेवा. बाहेर सोडताना आई आणि कोकरू दोघांच्या पाठीवर एकच आकडा गेरूने काढा. आईने हाकलले तर तिला ताटीला दावणीने जवळ बांधा आणि दिवसातून चार वेळा कोकरू लावा. बहुतेक मेंढ्या दोन-तीन दिवसांत मानतात.

जुळ्यांचे महत्त्व पुढे वाढणार आहे. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला आणि नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. असा नर उद्या आपल्या कळपात आला तर जुळी वाढतील. पण जुळ्यातले प्रत्येक कोकरू लहान असते आणि दुधाला वाटेकरी असतो. ज्याच्याकडे कप्पा नाही, त्याच्या दारात जुळे जन्मले तरी वाढेल एकच. आधी निवारा, मग वाण.

तीन इशारे

पहिला इशारा बायांसाठी. गरोदर बाईने मेंढी-शेळीच्या विण्याच्या कामाला, जारेला किंवा पडलेल्या गाभाला हात लावू नये. त्यातून येणारे रोग पोटातल्या लेकराला धोका करतात. बाकीच्यांनीही हातात प्लॅस्टिकची पिशवी घालावी आणि साबणाने हात धुवावेत. ही गोष्ट लाजेने बोलली जात नाही, म्हणून भरसभेत सांगतो.

दुसरा इशारा चाऱ्याचा. जवारी कापल्यावर खुंटाला फुटणारे कोवळे हिरवे फुटवे विषारी असतात. भुकेली मेंढी त्यात सोडू नका. आणि लहान कोकराला सरकी किंवा सरकीची ढेप देऊ नका. रवंथ करू लागलेल्या मोठ्या जनावराला ती चालते, कोकराला नाही.

तिसरा इशारा रानाचा. आपण बिबट्या, तडस आणि लांडग्याच्या शेजारी राहतो, ताडोब्याच्या बाजूला वाघही आहे. बिबट्या दारातून येतो तसा छपरावरूनही उतरतो. कुडाच्या वरचा मोकळा भाग लोखंडी जाळीने आढ्यापर्यंत बंद करा. वन्यप्राण्याने जनावर मारले तर ते हलवू नका, ताबडतोब वनखात्याला कळवा आणि पंचनामा करून घ्या. भरपाई हा आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही.

आपले आणि सरकारचे

काही कामे आपलीच आहेत, काही सरकारची आहेत. दोन्हींची गल्लत करू नये.

बांबू आता आपल्या हातात आहे. याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. ज्या बांबूसाठी गावकऱ्यावर खटले होत, तो बांबू गावाच्या मालकीचा झाला. २०१७ साली वनकायदा बदलला आणि वनाबाहेर, आपल्या धुऱ्यावर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून सुटला. तो तोडायला आणि न्यायला आता वनकायद्याची परवानगी लागत नाही. तेव्हा धुऱ्यावर दोन बेटे लावा आणि कप्प्याच्या ताट्या आपल्याच वावरातून काढा.

सरकारचे काम लसीचे आहे. मेंढ्या-शेळ्यांचा पीपीआर रोग २०३० पर्यंत जगातून नाहीसा करायचे ठरले आहे, आपल्या देशानेही ते स्वीकारले आहे. कोकरू तीन-चार महिन्यांचे झाले की ही लस टोचायची असते. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आणि एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या. मोजता येतात, तर टोचताही आल्या पाहिजेत. आपली मागणी एवढीच, की आंत्रविषाराची लस ऑक्टोबरच्या अखेरीस आणि पीपीआरची लस मार्च-एप्रिलमध्ये गावात पोचावी. रोग येऊन गेल्यावर येणारी लस आम्हाला नको.

आणि घरातले एक काम. रात्री उठून कोकरू पाजणारी बहुतेक घरात बाईच असते. व्यापाऱ्याशी भाव करून पैसे खिशात घालणारा मात्र पुरुष. संघटनेने लक्ष्मीमुक्तीत घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करायला सांगितले आणि हजारो शेतकऱ्यांनी ती केली. कोकरे विकून आलेला पैसा तिच्या खात्यात जावा, यात अवघड ते काय? जिच्या हाती पैसा असेल ती आजारी कोकरासाठी डॉक्टर बोलवायला कोणाची परवानगी मागणार नाही.

शेवटी एकच मागतो. या हंगामात कोठ्याच्या दारावर खडूने दोन रेघोट्यांच्या ओळी ठेवा. वरच्या ओळीत जन्मलेली कोकरे, खालच्या ओळीत मेलेली, आणि प्रत्येक मेलेल्यापुढे कारणाचे एक अक्षर. गारठले तर ‘ग’, उपाशी राहिले तर ‘उ’, कुत्र्याने नेले तर ‘क’. जानेवारीनंतरच्या बैठकीला ते आकडे घेऊन या. प्रत्येक गावाचे आकडे एकत्र केले की लस कुठे पोचली नाही आणि ताटी कुठे बांधली गेली नाही, ते दोन्ही कागदावर दिसेल. पहिल्यासाठी आपण सरकारच्या दारात जाऊ, दुसऱ्यासाठी एकमेकांच्या कोठ्यात.

आठ बांबू, चार बंड्या मुरूम आणि दोन दिवसांचे काम. नोव्हेंबरच्या आत करून टाका.